नववी थाळी

पेटी आली त्या दिवशी इस्पितळात नारळ फुटला, पेढे वाटले गेले आणि शांतला बिरनाळेची रवानगी कोपऱ्यातल्या टेबलावर झाली. एकतीस वर्षं तिनं काचेच्या थाळ्यांत बुरशी वाढवून, सूक्ष्मदर्शकाखाली डोळे फोडून जंतूंची नावं सांगितली होती. त्याला दोन दिवस लागत, कधी चार. पेटीला बारा मिनिटं पुरत. आता बाईंनी करायचं काय, तर सकाळी पेटी सुरू करायची, लोकांच्या अंगावर फिरवलेल्या कापसाच्या काड्या आत सरकवायच्या आणि पेटीनं जे नाव छापलं त्याच्याखाली मुकाट सही ठोकायची. शिपायालाही जमलं असतं. पण नियमात तंत्रज्ञाची सही लागते, म्हणून बाईंना ठेवलं होतं. बाई मुळात कडू, त्यात हे. मिरजेच्या त्या धर्मादाय इस्पितळात त्यांच्याशी दोन वाक्यांच्या वर बोलायला कुणी धजत नसे.

२०३८ साल होतं आणि सगळा तमाशा ऑरिसवरून चालला होता. ऑरिस ही यीस्टचीच एक जात. पाव फुगवणारी यीस्ट गरीब, ही त्या कुळातली दांडगी. धडधाकट माणसाच्या काखेत, मनगटावर ती महिनोन्‌महिने पडून राहते. खाज नाही, पुरळ नाही. पण आयसीयूतल्या माणसाच्या शिरेत नळी गेली, की ही नळीवरून रक्तात उतरते आणि बऱ्याचशा औषधांना भीक घालत नाही. खाटेच्या दांडीवर आठवडे जगते. साध्या फिनेलनं मरत नाही. म्हणून कायदा झाला: काडी फिरवल्याशिवाय कुणाला इस्पितळाच्या दाराच्या आत घ्यायचं नाही.

काडीवर जे काही येईल ते पेटी धातूच्या पट्टीवर चोपडते आणि त्यावर लेझरचा ठोका मारते. जंतूच्या अंगातली प्रथिनं उडतात, हलकी आधी पोचतात, जड मागून. कोण किती वेळात पोचलं यावरून कागदावर उभ्या रेषांची रांग उमटते. प्रत्येक जातीची रांग वेगळी. पेटीच्या पोटात अशा हजारो रांगा साठवलेल्या. समोरची रांग जिच्याशी जास्तीत जास्त जुळेल तिचं नाव छापून पेटी मोकळी होते. 'हे मला ठाऊक नाही' असं म्हणायला तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. ऑरिस निघाली तर चिठ्ठी लाल, आणि त्याच क्षणी नाव देशाच्या नोंदीत. लाल माणसाला कुठलंही इस्पितळ शिवत नाही. दुसरं काही निघालं किंवा रांगच उमटली नाही तर हिरवी.

बुधवारी सकाळी दस्तगीर सतारमेकर आला तो खिडकीवर पंजा आपटतच. तंबोरे घडवणारा पन्नाशीचा माणूस, हात खरखरीत, डोळे न झोपलेले.

"ही सही कुणाची?"

"माझी. आणि खिडकी तुमच्या घरची नाही. आवाज खाली."

"माझ्या बायकोच्या काळजाची झडप मिटायलीय बाई. सोमवारी ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर म्हणतोय महिना काढणार नाही. आणि तुम्ही तिला लाल करून दारातनं हाकललंय."

"मी नाही केलं. पेटीनं केलं."

"मग पेटीची सही आणा की. तुमची कशाला लावलीय?"

शांतला खवळली. "नियम वाचा," ती म्हणाली, "आणि व्हा बाजूला. मागं लोक उभे आहेत."

दस्तगीर हलला नाही. "आमच्या गल्लीतली आठ माणसं तपासली. आठी लाल. एकाला साधा ताप नाही. रस्त्याच्या पलीकडं शंभर घरं, तिथं एक नाही. तंबोरे परत यायला लागलेत, गिऱ्हाईक दारातनंच हात जोडतंय. तुमच्या पेटीला काय आमची गल्लीच दिसते होय?"

"पेटीला गल्ली दिसत नाही. काडी दिसते."

बोलली खरी, पण आठात आठ हे तिला टोचलं. आठातल्या आठांना धरून रस्त्यापलीकडच्या एकालाही न शिवणारा जंतू तिनं एकतीस वर्षांत पाहिला नव्हता. तिनं खिडकीची काच अर्धी ओढली, मग थांबली.

"बायको काम काय करते?"

"भोपळे कोरते. आमच्यात सगळीच करतात."

"कोरडे?"

"कोरडा भोपळा कोरला तर फुटेल की. हौदात भिजत घालतो दोन-दोन दिवस, मऊ पडला की कापायचा, आतलं खरवडायचं." त्यानं तिच्याकडे संशयानं पाहिलं. "का? त्याचाही नियम हाय का?"

"पाणी आंबतं?"

"आंबतंच. वास मारतोय सगळ्या गल्लीत."

"दुपारी येते मी," शांतला म्हणाली. "आठी जणांना घरी थांबवा. आणि हात धुऊ नका म्हणावं."

दुपारी ती काड्यांची पिशवी घेऊन गल्लीत शिरली तेव्हा कुणी तिला या म्हटलं नाही. दारादारांतून बायका बघत होत्या. एकीनं पोरगं आत ओढून घेतलं. दस्तगीरची बायको झुबेदा खाटेवर तीन उशांना टेकून बसलेली होती. आडवं झालं की तिला श्वास लागायचा. ओठ निळसर पडलेले, पण जीभ जागेवर होती.

"ह्याच का सहीवाल्या बाई?" तिनं नवऱ्याला विचारलं. "चहा टाकू नका हो. त्या आपल्यातलं घेणार नाहीत. आधीच लाल केलंय, आता पिऊन कशाला मरतील."

"हात पुढे करा," शांतला म्हणाली.

"करते. ह्या हातानं वीस वर्षांत किती भोपळे कोरले, मोजदाद नाही. त्यातले किती गायकांच्या मांडीवर गेले. आणि आता हात घाण." तिनं हात दिला तो रागानं दिला. शांतलानं काडी फिरवली. नाडी बोटाखाली अडखळत होती.

प्रयोगशाळेत तिनं जुना उबवणीचा कपाटवजा यंत्रसंच पुसून सुरू केला आणि बेचाळीस अंशांवर लावला. युक्ती जुनी आणि साधी होती. ऑरिस चांगल्या तापात आणि खारटातही वाढते. तिच्या गरीब चुलत बहिणींना ते झेपत नाही. बेचाळीस अंशाला, मीठ घातलेल्या थाळीवर त्या मुकाट बसून राहतात. आठ जणांच्या आठ थाळ्या तिनं मांडल्या. त्याच काड्या साध्या उबेतल्या थाळ्यांवरही फिरवल्या, म्हणजे काय आहे ते तिथं वाढून दिसेल. आणि सवयीनं, हात धुऊन, नववी थाळी स्वतःच्या मनगटाची लावली. या प्रयोगशाळेतली ही रीत तिच्या पहिल्या साहेबांनी घालून दिलेली. आपल्या धुतलेल्या हातावर काही उगवत नाही हे आधी दाखवायचं, मग दुसऱ्याच्या अंगाबद्दल बोलायचं. तिला या रीतीचा भारी अभिमान होता.

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. अभिनंदन चौगुले दारात येऊन उभे राहिले. याच माणसाला शिकाऊ असताना जंतू उचलायची तारेची कडी ज्योतीवर जाळायची कशी, हे शांतलानं हात धरून शिकवलं होतं.

"बिरनाळेबाई, संग्रहालय उघडलंत वाटतं?"

"पेटी चुकतेय, डॉक्टर."

"पेटी बावन्न देशांत चालते."

"बावन्न देशांत कुणी भोपळे भिजत घालत नसतील."

चौगुले हसले आणि गेले. तिचं म्हणणं त्यांनी मनावर घेतलं नाही, आणि तिलाही ते अपेक्षितच होतं.

शुक्रवारी दुपारी तिनं कपाट उघडलं. बेचाळीस अंशांवरच्या आठही थाळ्या कोऱ्या. साध्या उबेतल्या आठही थाळ्यांवर सायीसारखे बारीक ठिपके, आणि वास तोच, हौदातल्या आंबलेल्या पाण्याचा. भोपळ्यावरची यीस्ट. कुणाचं काही न बिघडवणारी. पेटीच्या पोटात तिची रांग नव्हती, म्हणून पेटीनं तिला जवळच्या नातेवाइकाचं नाव देऊन टाकलं होतं. शांतलाला आनंद झाला, आणि तो झुबेदासाठी नव्हता, हे इथं सांगून टाकायला हवं. पेटीचं नाक कापलं गेलं याचा तो आनंद होता. चौगुल्यांना काय काय ऐकवायचं याची ती मनातल्या मनात जुळवाजुळव करत असतानाच तिचा हात नवव्या थाळीला लागला.

नववी थाळी भरून आली होती.

तिनं ती उजेडात धरली. पांढरट, गुळगुळीत, बेचाळीस अंशांत, मिठावर, मजेत वाढलेली. काचपट्टीवर घेऊन पाहिली. मग खुर्चीत बसली. तेव्हा तिला रोजची शून्याची काडी आठवली.

रोज सकाळी पेटीला आधी शून्य दाखवावं लागतं. म्हणजे कोरी काडी. त्या काडीवर जे असेल ते 'काहीच नाही' असं पेटी धरून चालते आणि दिवसभर प्रत्येकाच्या रांगेतून तेवढं वजा करते. कंपनीच्या पुस्तकात लिहिलं होतं, निर्जंतुक काडी वापरा. शांतलानं ते पान वाचलं होतं आणि नाक मुरडलं होतं. निर्जंतुक काडी तर कुणीही घालेल. तिनं आपली रीत चालू ठेवली, आणि रोज सकाळी शून्याच्या खाचेत स्वतःच्या धुतलेल्या मनगटाची काडी घातली. तिच्या अंगावर ऑरिस कधी आली, कोणाच्या नमुन्यातून आली, देव जाणे. पण तेव्हापासून ती पेटीला रोज सांगत आली होती की ऑरिस म्हणजे काहीच नाही. गल्लीवाल्यांच्या हातांवर भोपळ्याची यीस्ट इतकी दाट होती, की वजा होऊनही रांग उरत होती. खऱ्या ऑरिसवाल्यांच्या अंगावर ती पातळ होती. ती पुरती वजा होऊन जात होती.

तिनं पेटीच्या पोटातल्या वजाबाकीआधीच्या रांगा काढल्या. पेटी आल्यापासूनच्या चार महिन्यांत आयसीयूत तिघे तापानं गेले होते. तापाचं मूळ सापडलं नव्हतं, कारण तिघांच्याही चिठ्ठ्या हिरव्या होत्या, यीस्टचा संशय घ्यायचा प्रश्नच नव्हता. तिघांच्याही कच्च्या रांगांत ऑरिसच्या रेषा सरळ उभ्या होत्या. तिन्ही चिठ्ठ्यांखाली सही तिची होती.

चौगुल्यांनी दोन्ही गोष्टी शांतपणे ऐकून घेतल्या. मग उठून केबिनचं दार लावलं.

"भोपळ्याचं मान्य. आठी नावं मी आजच दुरुस्त करतो, नोंदीतून लाल काढतो. त्या बाईंचं ऑपरेशन सोमवारी होईल. झालं समाधान?"

"आणि आयसीयू?"

"उद्यापासून शून्य बरोबर लावू. स्वच्छता टप्प्याटप्प्यानं करून घेऊ. तुम्ही प्रकृतीच्या कारणानं रजेवर जा, तिथूनच निवृत्ती घ्या."

"आठ खाटा आहेत, डॉक्टर. सहांवर माणसं आहेत. सोमवारी सातवी झुबेदा येईल."

"तुमचं नाव लाल झालं तर काय होईल कळतंय ना?" चौगुल्यांचा आवाज आता धारदार झाला. "तुमच्या चार महिन्यांच्या सगळ्या सह्या रद्द. आयसीयू बंद, ऑपरेशन थिएटर बंद, कमीत कमी महिनाभर. जिच्यासाठी एवढा आटापिटा केलात, ती दारातच मरेल. ते पुण्य घ्यायचंय का पदरात? आणि तिघांचे नातेवाईक येतील ते पेटीला धरणार नाहीत. तुम्हाला धरतील."

"धरू देत."

"बाई, तुम्हाला सत्याची चाड नाही. तुम्हाला पेटी हरलेली बघायचीय."

हे खरं होतं. चौगुल्यांच्या सहीची, झुबेदाची दुरुस्त हिरवी चिठ्ठी तिनं घेतली आणि निघाली.

शनिवारी सकाळी ती चिठ्ठी घेऊन गल्लीत गेली. दस्तगीरनं ती हातात घेतली, उलटसुलट केली, आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा थोडा सैल पडला. "आत या," तो म्हणाला. शांतला उंबऱ्यातच उभी राहिली, कारण आत जाण्याचा हक्क आता तिला नव्हता, आणि तिथूनच तिनं सगळं सांगितलं. थाळी, शून्य, तिघे, खाटा.

दस्तगीरनं चिठ्ठी घडी करून खिशात घातली. "हे आणखी कुणाला ठाऊक हाय?"

"चौगुल्यांना."

"ते काय म्हणाले?"

"गप्प बसा म्हणाले."

"मग बसा की," दस्तगीर म्हणाला. "चार महिने तुम्ही रोज सह्या केल्या. आणखी चार दिवस तोंड मिटून बसायला तुम्हाला काय होतंय? सोमवारी हिचं होऊ दे. मंगळवारी सगळ्या गावात दवंडी पिटा."

"तिथं सहा माणसं आहेत. आणि तुमच्या बायकोच्या शिरेत नळी जाणार आहे."

"जाऊ दे. सगळ्यांना थोडीच धरती? तुम्हीच म्हणालात, सगळ्यांना धरत नाही."

"धरलं तर वाचवता येत नाही."

"आणि झडप मिटली तर वाचवता येतंय?" तो ओरडला नाही. दात आवळून बोलला, त्यामुळे ते जास्त लागलं. "आधी खोटं बोलून मारायला निघाला होता. आता खरं बोलून मारा."

शांतलानं झुबेदाकडे पाहिलं. तिला वाटत होतं, ही तरी काहीतरी बोलेल, म्हणजे आपल्याला ठरवावं लागणार नाही. झुबेदाला ते कळलं असावं.

"माझ्याकडं बघू नका बाई," झुबेदा म्हणाली. दोन शब्दांमागे ती थांबत होती. "मला जगायचंय. पोरगी दहावीला हाय. मला विचाराल तर मी गप्प बसा म्हणूनच सांगणार. ते सहा जण माझे कोण लागतात? पण मला विचारून मग तुम्ही मोकळ्या होणार. ते मी होऊ देणार नाही. तुमचं तुम्ही बघा."

शांतला परत निघाली तेव्हा दस्तगीर गल्लीच्या तोंडापर्यंत मागोमाग आला. शिवी दिली नाही, हात उगारला नाही. "सोमवारी नऊ वाजता आणतोय मी तिला," एवढंच म्हणाला, आणि ती रिक्षात बसेपर्यंत उभा राहिला.

प्रयोगशाळेत शनिवारची अर्ध्या दिवसाची सुट्टी झाली होती. शांतलानं पेटी सुरू केली. शून्याच्या खाचेत निर्जंतुक काडी घातली, पुस्तकात सांगितली होती तशी. मग स्वतःचं मनगट घासून दुसरी काडी भरली आणि नावाच्या जागी आपलं पूर्ण नाव टाकलं. सुरूचं बटण दाबण्याआधी ती थांबली. चौगुले म्हणाले ते खरं होतं का, आपल्याला पेटीवर सूड उगवायचाय का, हे तिनं स्वतःला विचारलं. सूड पेटीवर नव्हताच आता. पेटीनं तर सांगितलं तेच केलं होतं. झुबेदाची अडखळणारी नाडी तिच्या बोटांना अजून जाणवत होती. त्याच बोटांनी तिनं बटण दाबलं. बारा मिनिटांनी तिचं नाव लाल छापून आलं आणि नोंदीत गेलं. त्यानंतर ते कुणालाही परत घेता येणार नव्हतं.

तासाभरात सरकारी माणसं आली. संध्याकाळपर्यंत सहाही जणांना वेगळ्या खोल्यांत हलवून आयसीयूला कुलूप लागलं. सोमवारी दस्तगीर झुबेदाला घेऊन नऊ वाजता दारात आला, आणि सव्वानऊला तीच रिक्षा बेळगावच्या गाडीसाठी स्टेशनकडे वळली. तिथं हिरवी चिठ्ठी चालली, पण तारीख मिळाली एकोणीस दिवसांनंतरची.

शांतलाला तिच्याच खोलीत ठेवलं होतं. दाराला लाल कागद, डबा बाहेर ठेवून जाणार, बोलणं खिडकीच्या गजांतून. चौगुल्यांनी तिच्यावर हलगर्जीपणाचा ठपका ठेवला. तिनं तो नाकारला नाही. तिघांपैकी एकाचा मुलगा येऊन खिडकीवर दगड मारून गेला. तिनं काचा गोळा केल्या. आयसीयूतल्या सहा माणसांपैकी चौघे लाल निघाले, त्यांना वेळेवर वेगळी औषधं सुरू झाली आणि चौघेही वाचले. हे तिला कुणी मुद्दाम सांगितलं नाही. खाटांच्या दांड्यांचे अहवाल मात्र तंत्रज्ञ म्हणून तिच्या नावानं छापून आले, कारण नोंदीतून तिचं पद काढायला कुणाला वेळ झाला नव्हता. ते तिनं वाचले.

विसाव्या दिवशी दस्तगीर आला. दाढी वाढलेली, डोक्याला पांढरी टोपी. तो गजांपासून हातभर लांब उभा राहिला.

"झुबेदा गेली," तो म्हणाला. "सतराव्या दिवशी. तारखेच्या दोन दिवस आधी. बसल्या-बसल्या."

शांतलानं गज धरले. 

"एकच विचारायला आलोय. खाटा तपासल्या म्हणे."

"तपासल्या."

"तिला सहा नंबर दिली होती. सोमवारी ती तिथं झोपली असती. त्या खाटेवर होती का ती, तुमची ऑरिस?"

शांतलाला आठही खाटा तोंडपाठ होत्या. एक, दोन, चार, पाच, सात लाल. हा माणूस कशासाठी आला होता तेही तिला कळत होतं. 'होती' एवढाच शब्द हवा होता त्याला, आणि तो शब्द तिलाही हवा होता, त्याच्यापेक्षा जास्तच. तो म्हटला असता तर दोघांनाही पुढचे दिवस काढता आले असते.

"नाही," ती म्हणाली. "सहा नंबर स्वच्छ होती."

रस्त्यावरून एक बाई भाजीची पिशवी घेऊन गेली, लाल कागद बघून पलीकडच्या बाजूला वळली.

"खोटं बोलता आलं असतं तुम्हाला," तो शेवटी म्हणाला.

"आलं असतं."

"मी पोरीला सांगणार, खाट लाल होती. त्या खाटेवर गेली असती तरी वाचली नसती, असंच सांगणार." त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत माफी नव्हती. "पोरगी कधी विचारायला आली तुम्हाला, तर तिला तुमचं खरं सांगायचं नाही. एवढं एक तुम्ही माझ्यासाठी गप्प बसा."

शांतलानं होकारार्थी मान हलवली. तो गेला.